इंद्रभानचा कॉम्प्युटर आणि कापसाची खोली

वडनेर भोलजीत इंद्रभानला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्यासोबत बाजाराला जायला तयार होईल असाही सापडायचा नाही. एकदा चप्पल घ्यायला तो नांदुऱ्याला गेला. सकाळी गेला, होती नव्हती ती दुकानं दोन-दोनदा पालथी घातली आणि दिवे लागायला परतला तो जुन्याच चपलेचा अंगठा शिवून. वांग्याचं रोप काट्याचं घ्यावं की बिनकाट्याचं, यात त्याचे पहिले दोन पाऊस निघून जायचे. बायको तेवढी त्याला एका बघण्यात पसंत पडली, असं तो सांगतो. गल्लीला खरं ठाऊक आहे. पसंती पुष्पांजलीनं केली, यानं मान हलवली.

असा माणूस कॉम्प्युटर घ्यायचा म्हणतो हे कळल्यावर गल्लीत करमणुकीची सोय झाली. कॉम्प्युटर म्हणजे का एक वस्तू? त्यात दहा वस्तू, आणि एकेकीच्या पुन्हा दहा जाती.

घ्यायचं कारणही साधं नव्हतं. इंद्रभान तरुणपणी बँड पार्टीत बेंजो वाजवायचा. टाइपरायटरसारखी बटणं, खाली ताणलेल्या तारा. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या. मग डीजे आले, बँड पार्टी बसली, बेंजो फडताळावर गेला. बोटं मात्र बसली नाहीत. ताटाची कड, मोटारसायकलची टाकी, बैलाची पाठ, जे हाताखाली येईल त्यावर ती चालायची. पुष्पांजली म्हणायची, "झोपीत बी माह्या दंडावर वाजवते हा मानूस."

शेगावला त्याची बहीण राहते. तिची मुलगी राखी. राखीचा साखरपुडा होता, जेवणं उरकली होती, आणि मामानं नवरीला मांडवात आणताना कोणतं गाणं लावायचं याची चर्चा निघाली. कोणी मोबाइलवर हे वाजवून दाखवी, कोणी ते. इंद्रभान जिलेबी खात होता. तोंडातली अर्धी जिलेबी तशीच ठेवून तो म्हणाला, "राखी माह्या गान्यावर चालंल. म्या बनवतो."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं विचार न करता काही ठरवलं होतं. राखीनं ते त्याच दिवशी सासरच्या बायकांना सांगून टाकलं. आता शब्द मागे घ्यायची सोय उरली नाही.

आधी त्यानं मोबाइलवर करून पाहिलं. हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न गाण्यात आला. शेजारचा संघर्ष, ज्याचा स्वतःचा डीजे आहे, त्याचं "हॅलो चेक, हॅलो" आलं. भिंतींवरून आपटून बेंजोचा आवाज पिंपात दगड खडखडावा तसा झाला. त्यात ढोलकी आधी भरून, ती बिनवायरच्या हेडफोनात ऐकत वर बेंजो वाजवावा तर कानातली ढोलकी उशिरा यायची. घोडी पुढे निघून गेलेली आणि नवरदेव मागून धावतोय, असं ते गाणं.

"काका, यासाठी कॉम्प्युटर लागते," संघर्ष कुंपणावरून म्हणाला. "अन् मोठा घ्या. लहान घेसान तं मोबाइलचाच भाऊ निंघते."

नांदुऱ्याला प्रज्वलचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. माणूस सालस, गिऱ्हाइकाला आधी खुर्ची देतो. पण त्याच्याकडे येणारे बहुतेक गेम खेळणारे, म्हणून त्यानं इंद्रभानलाही तेच माप लावलं. आतून रंगीत दिवे लागणारा डबा, हातभर लांब ग्राफिक कार्ड, वाकवलेला पडदा. इंद्रभान ते सगळं पाठ करून घरी आला आणि जेवताना पुष्पांजलीला समजावू लागला.

"रॅम म्हंजे पंगतीतली सतरंजी. जेवढी लांब, तेवढी वाद्यं एका टायमाले बसतात. ढोलकी, सनई, संबळ, समदे. प्रोसेसर म्हंजे वाढपी. तो जर सुस्त असला तं पंगत ताटकळते."

"अन् ते ग्राफिक का काय?"

इंद्रभाननं घास गिळला. "ते म्हंजे मांडवातली लायटिंग."

"पंगतीतला मानूस भात पाह्यते का लायटिंग?" पुष्पांजलीनं त्याच्या ताटात भाकरी टाकली. "तुमच्या गान्यात काही दिसाचं हाय का?"

"नाही."

"मंग?"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नांदुऱ्याला. प्रज्वलनं डोकं खाजवलं. "काका, खरं सांगू का? नुसतं गानं करासाठी कार्ड नाही लागत. पडद्यावर दिसाले जेवढं पाह्यजे तेवढं प्रोसेसरमधीच असते. मले वाटलं, पोट्ट्यासाठी घेऊन राह्यले."

"पोट्ट्यासाठी कोन घेते बे? माह्यासाठी."

कार्ड गेलं. पण निर्णय एक झाला की इंद्रभानला दहा नवे सुचतात. कार्ड काढलं तर सतरंजी दुप्पट घ्यावी का? नवा प्रोसेसर की कोणी वापरलेला? पंखा कोणता, जो घरघरणार नाही? रात्री कूस बदलता बदलता तो एक वस्तू काढायचा, दुसरी घालायचा, आणि सकाळी उठून प्रज्वलला फोन लावायचा. प्रज्वलनं फोन उचलताना "काका, आज काय बदललं?" असं म्हणायला सुरुवात केली होती.

सगळ्याचा पैसा यायचा होता कापसातून. घराची मधली खोली कापसानं भरलेली. जमिनीपासून माळ्यापर्यंत, पायानं तुडवून बसवलेला. गल्लीत तेव्हा घरोघर हेच. भाव वाढेल म्हणून थांबलेले लोक, आणि साठवलेल्या कापसामुळे सुटलेली अंगाची खाज. बायका नळावर खाजवत उभ्या, बाप्ये पारावर खाजवत बसलेले. ज्याच्या अंगाला जास्त खाज त्याच्याकडे जास्त कापूस, असं पाहुणेही समजून घ्यायचे.

एका दुपारी ट्रक वाजत होते, संघर्ष साऊंड तपासत होता आणि इंद्रभानला कुठंच धड बसवेना. फडताळावरून बेंजो काढून तो मधल्या खोलीत शिरला. कापसात हातांनी खोबण केली, आत बसला, दार ओढून घेतलं. एक बटण दाबून तार छेडली.

तारेचा आवाज तारेएवढाच आला. भिंत मध्ये बोलली नाही, पत्रा मध्ये बोलला नाही. ट्रक कुठल्या दुसऱ्याच गावाला गेले होते. स्वर आला, राहिला आणि हळूच विझला. इंद्रभाननं दुसरी छेड दिली नाही. स्वतःचा श्वास ऐकत तो बसून राहिला. मग मोबाइल चालू करून ओळभर वाजवलं आणि ऐकलं. त्या दीडदमडीच्या मोबाइलमध्येसुद्धा बेंजो असा आला होता की त्याला आपल्याच बोटांचा परकेपणा वाटला.

खोलीबाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर कापूस होता आणि डोक्यात घोळ. गाणं करायला कॉम्प्युटर हवा. कॉम्प्युटरला कापूस विकायला हवा. आणि कापूस विकला की ही खोली पुन्हा पिंप.

त्या दिवसापासून इंद्रभान कॉम्प्युटरच्या वस्तू रुपयांत मोजायचा बंद झाला. तो त्या कापसात मोजू लागला. वाकवलेला पडदा म्हणजे दाराजवळचा सगळा ढीग. नको, घरातला टीव्हीच जोडू. रंगीत डबा म्हणजे खिडकीखालचा कोपरा. नको, साधा पत्र्याचा डबा. मोठे स्पीकर म्हणजे माळ्याखालची पूर्ण रांग. छे, वायरवाला हेडफोन चालेल, त्यात आवाज उशिरा येत नाही असं प्रज्वलही म्हणाला होता. प्रोसेसर वापरलेला घेतला की तेवढ्यात चांगली लांब रॅम बसत होती. आवाज आत घेणारी छोटी पेटी, जिच्यात माईकची वायर जाते, ती मात्र त्यानं जितक्यांदा काढली तितक्यांदा परत घातली. तिच्याशिवाय ढोलकी आणि बेंजोचं लग्न लागत नव्हतं. आणि उत्तरेकडची भिंत, जिला टेकून तो बसायचा, तिचा कापूस कुठल्याही वस्तूसाठी द्यायचा नाही, हे ठरलेलं.

एवढ्यात मोतीराम आला. हा गावोगाव फिरून घरचा कापूस घेणारा व्यापारी. काटा आणि टेम्पो सोबत. भाव बरा सांगितला. इंद्रभान खोलीकडे बघत म्हणाला, "थांबतो."

"कायले थांबता? याच्यावर जात नाही."

"पाहू."

मोतीराम गेला. पुढच्या खेपेला भाव थोडा वर घेऊन आला. इंद्रभान पुन्हा "पाहू" म्हणाला, आणि ते म्हणताना खोल विचारात असल्यासारखा भिंतीवर बोटं वाजवत राहिला.

आता गल्लीचं डोकं कसं चालतं ते समजून घ्या. जो माणूस चपलेसाठी चार दुकानं फिरतो, रोज नांदुऱ्याला जातो, दिवसभर फोनवर बोलतो आणि चढता भाव दोनदा परत पाठवतो, त्याला आतली खबर असल्याशिवाय? संघर्षची आई जनकाबाई नळावर म्हणाली, "इंद्रभान थांबला म्हंजे काही तरी हाय." झालं. संघर्षनं मोतीरामला वाटेतूनच परत लावलं. पलीकडच्या घरानं लावलं. कुणी येऊन विचारलं, "भाऊ, कुठवर जाईल?" तर इंद्रभान गडबडून म्हणायचा, "मले काही मालूम नाही बापा." हे तर लोकांना फारच आवडलं. खरं माहीत असलेला माणूस असंच म्हणतो.

तो सांगणार तरी काय? कापसात बेंजो गोड वाजतो म्हणून विकत नाही? गल्लीनं हसायला पाहुणे बोलावले असते. पुष्पांजलीलाही त्यानं सांगितलं नाही. ती बिचारी मानेवर खोबरेल चोळत होती आणि नवरा भावासाठी तपश्चर्या करतोय असं समजत होती. दुपारी तो कापसात शिरून दार लावतो, ते झोपायला, हे तिनं गृहीतच धरलं होतं.

लग्न जवळ आलं. राखीचा फोन आला. "मामा, गानं झालं का? सासूबाई इचारतात."

"होऊन राह्यलं," इंद्रभान म्हणाला, आणि त्याची बोटं फोनच्या पाठीवर भराभर वाजली.

शेवटी त्यानं निम्म्यावर तोडगा काढला. मोतीरामला बोलावलं, दाराकडचा निम्मा कापूस द्यायचा ठरवला, इसार म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि खिशात घालून नांदुऱ्याला निघाला. जाताना पुष्पांजलीला म्हणाला, "उत्तरेकडच्या भिंतीले हात लावू देऊ नको."

"काऊन?"

"असंच."

प्रज्वलच्या दुकानात त्यानं त्या दिवशी काहीच बदललं नाही. प्रज्वलला वाटलं, बरं नाही की काय. साधा डबा, वापरलेला प्रोसेसर, लांब सतरंजी, चटकन उघडणारी डिस्क, कमी घरघरणारा पंखा, आवाजाची पेटी, माईक, वायरवाला हेडफोन. आणि एक वस्तू त्यानं स्वतःहून मागितली: माईकला आणि हेडफोनला पुरेल अशी लांबच्या लांब वायर. कापसाजवळ करंट नको म्हणून कॉम्प्युटर राहणार ओसरीवर, माईक जाणार आत. पंख्याची घरघरही बाहेरच्या बाहेर. एवढा पक्का हिशोब त्यानं आयुष्यात कशाचा केला नव्हता.

खोकी घेऊन तो उतरला तेव्हा दारात टेम्पोच्या चाकांच्या खुणा होत्या. ओसरीवर पुष्पांजली न्हाऊन, केस मोकळे सोडून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर सुख दिसत होतं.

"समदा देला," ती म्हणाली. "मोतीराम म्हने, अर्धा टेम्पो परवडत नाही, समदा देसान तं भाव वाढवून देतो. असा भाव या सालात कोनालेच नाही भेटला. खोली धुवून काढली म्या. पाहा तं कशी झाली."

इंद्रभाननं पाहिलं. चुन्याच्या चार भिंती, ओली फरशी. त्यानं एक टाळी मारली. खोलीनं ती व्याजासकट परत केली.

"टाया कायच्या वाजवता?"

तेव्हा त्यानं सांगितलं. उभ्यानंच, डोक्याला हात लावून, पहिल्या दुपारपासून शेवटपर्यंत. पुष्पांजली ऐकून घेत होती. मग म्हणाली, "हे तोंडानं सांगता येत नव्हतं? म्या भिंतीले हात लावू देला नसता."

"तू हासली असती."

"हासली असती," ती म्हणाली. "अन् लावू देला नसता."

गोधड्या टांगून पाहिल्या. चादरी, पोती, सतरंजी, सगळं टांगलं. खोली थोडी नरमली, पण बोलायची थांबेना. कॉम्प्युटर मात्र गुणी निघाला. त्याच्यातली तयार ढोलकी, सनई सगळे एका पंगतीत बसले, वाढपी कुठं अडखळला नाही, कानात आवाज वेळेवर आला. नुसता बेंजो तेवढा पिंपात.

मध्यंतरी भाव उतरला. मग गल्लीची बोटं इंद्रभानच्या दाराकडे वळली. आम्हाला थांबवलं आणि स्वतः सगळ्यात चढ्या भावानं विकून मोकळा झाला, वर कॉम्प्युटर आणला. राम राम घालावा तर लोक बकरी बघायचे. आणि अशा गल्लीत, लग्न तोंडावर असताना, इंद्रभानच्या ध्यानात आलं की आपल्या खोलीसारख्या खोल्या अजून आहेत. घरोघर आहेत. आपल्यामुळेच आहेत. सगळ्यात मोठी, खिडकी नसलेली, माळ्यापर्यंत भरलेली होती संघर्षची.

दोनदा तो त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्यांदा पुष्पांजलीनं मागून दार लावून घेतलं.

संघर्ष ओसरीवर वायरी गुंडाळत होता. जनकाबाई पाठीला लाकडी पळीनं खाजवत होती.

"या, शेठ," संघर्ष म्हणाला. "आज कोनता भाव सांगता?"

"मले कोनताच भाव मालूम नव्हता."

"आता नसनच मालूम."

"तव्हाही नव्हता. म्या थांबलो ते आवाजासाठी."

"कायच्या आवाजासाठी?"

"खोलीच्या. कापसात बेंजो चांगला वाजते. भिंत बोलत नाही. म्हनून इकत नव्हतो. राखीचं गानं कराचं होतं." इंद्रभान एका दमात बोलला आणि चौकटीवर बोटं वाजवू लागला.

संघर्षच्या हातातली वायर सुटली. "म्हंजे आमी समदे... तुमच्या बेंजोपायी?"

जनकाबाईची पळी पाठीवर थांबली होती. "म्हंजे म्या तीन महिने आंग फाडून राह्यली ते याच्या बेंजोपायी," ती म्हणाली. मग तिच्या खांद्यांना आधी हसू आलं, तोंडाला नंतर. "राखी म्हंजे ते सुट्टीत येऊन माह्या बोरी झोडपाची, तेच ना?"

"तेच."

"मंग आता काय पाह्यजे तुले?"

"तुमची खोली. एक दुपार."

संघर्ष काही बोलणार होता. आईनं पळी वर केली. "करंट आत नाही आनाचा. बिडी नाही. अन् माह्या कापसात कोनी एकटं बसाचं नाही. म्या संग बसन."

असा तो कार्यक्रम झाला. कॉम्प्युटर ओसरीवर, त्याच्यापुढे संघर्ष, कारण बटण दाबायला कुणी तरी हवं आणि डीजेवाल्याला बटणाचा मोह सुटत नाही. माईकची आणि हेडफोनची लांब वायर दाराखालून आत. आत कापसाच्या खोबणीत इंद्रभान, आणि समोरच्या ढिगावर देवीसारखी बसलेली जनकाबाई. बेंजो सुरू झाला. वरच्या पट्टीतून खाली येताना एक जागा होती, जिथं बेंजो थांबतो, ढोलकी एकटी चालते. त्या जागेवर जनकाबाईनं, इतका वेळ सोसलेली, दंडावरची खाज काढली. खर्र, आणि काचेच्या बांगड्या: छन्.

"काकू."

"पुन्ना नाही, घे."

पुन्हा घेतलं. पुन्हा तिथंच. खर्र, छन्. तिसऱ्यांदा तिनं हात मांडीखाली दाबून धरला, तर पाठीला सुटली.

त्या रात्री इंद्रभान कानाला हेडफोन लावून तो आवाज काढायला बसला. काढला, ऐकलं. पुन्हा घातला, ऐकलं. पुष्पांजलीनं हेडफोनची एक बाजू आपल्या कानाशी धरली. "राहू द्या," ती म्हणाली. "ठेक्यात हाय ते. पैंजन वाजल्यावानी वाटते." आणि मान हलवायचं काम तेवढं त्याच्याकडे राहिलं.

लग्नाच्या दिवशी मामा नव्या टोपीत. राखीचा हात हातात, पुढं मांडवाची वाट, दोन्ही अंगाला माणसं. डीजेजवळ उभ्या संघर्षला त्याची तीनदा खूण करून झाली होती. बेंजो सुरू झाला, आणि इंद्रभानला काही म्हणता काही ऐकू येईना. सनई जोरात झाली का? ढोलकी दबली का? सासरच्या बायकांचं तोंड असं का? पाय आपोआप उचलू लागले. गाणं संपायच्या आत मांडवात पोचायचं, नाही तर मधेच काही बिघडायचं, एवढंच डोक्यात. राखीला त्याच्यासोबत जवळजवळ पळावं लागत होतं.

तिनं त्याचा हात मागे ओढला.

"मामा, हयू चाला न," ती पदराआडून म्हणाली. "गानं कुठं पयून चाललं. मले आयकू द्या."

तो थांबला. तेवढ्यात ती जागा आली. बेंजो थांबला, ढोलकी एकटी उरली, आणि अख्ख्या मांडवावर, संघर्षच्या मोठ्या स्पीकरांतून उमटलं: खर्र, छन्.

त्यावर राखीनं पाऊल टाकलं. इंद्रभाननं टाकलं. मागच्या खुर्च्यांत बसलेली गल्ली एकमेकांकडे बघू लागली. वरपक्षातला एक पाहुणा शेजारच्या बाईला विचारत होता, "हे कोनतं वाद्य वो?"

"माह्यं," जनकाबाई म्हणाली आणि दंड खाजवला.

राखीच्या हातात धरलेला इंद्रभानचा हात पोचेपर्यंत एकदाही वाजला नाही. तिला मांडवात उभं केलं, मागे सरला, तशी बोटं टोपीच्या काठावर पुन्हा सुरू झाली. पुष्पांजली शेजारी येऊन उभी राहिली. तो तिच्या कानाशी वाकला.

"सतरंजी आनखीन थोडी लांब पाह्यजे होती," तो म्हणाला. "एक संबळ बाहीरच राह्यला."